अकीकाचं वाण: एका हळदीकुंकवाच्या ऑर्डरचं प्रकरण

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या जुन्या भागांतल्या मराठी बायकांचं एक मंडळ दर संक्रांतीला सामुदायिक हळदीकुंकू करतं. मंडळाचं नाव इथे देत नाही, कारण पुढे ज्या वेपाऱ्याचा आणि कारागिरांचा उल्लेख येतो त्यांची ओळख त्यावरून सहज लागेल. प्रत्येकीनं वेगळं वाण आणण्यापेक्षा वर्गणी काढून एकच वस्तू ठोक भावात घ्यायची, ही तिथली जुनी पद्धत. स्टीलच्या वाट्या झाल्या, प्लास्टिकचे डबे झाले, कापडी पिशव्या झाल्या. एका वर्षी ठरलं की संक्रांतीच्या काळ्या साडीवर शोभेल असं अकीकाचं पदक द्यायचं. पानाच्या आकाराचा लालसर दगड, वर कडी, काळ्या दोऱ्यात ओवलेला. नमुना सगळ्यांना आवडला, भावही परवडणारा होता. हिशेबाची वही माझ्याकडे होती, तेव्हा या प्रकरणात मी तटस्थ असल्याचा आव आणणार नाही.

ऑर्डर जाणार, तेवढ्यात मंडळातल्या एका काकूंनी विचारलं, "हे घासतं कोण, ठाऊक आहे का कुणाला?" काकू नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, बरीच वर्षं छातीच्या रोगांच्या वॉर्डात काढलेली. खंभातहून येणारे घसाईवाले त्यांनी पाहिले होते. टीबीची औषधं एकदा, दोनदा, तीनदा पूर्ण केलेली, आणि तरीही दम लागतोच. "त्यातल्या कितीतरी जणांना टीबी नव्हताच," काकू म्हणाल्या. "दगड होता छातीत."

पुढे जे झालं ते समजून घ्यायचं तर आधी हा दगड समजून घ्यावा लागतो.

दगड आणि धूळ

अकीक येतो भरूच जिल्ह्यातल्या झगडिया तालुक्यातून, रतनपूरच्या बाजूच्या खाणींतून, आणि घडतो खंभातला. हा धंदा हडप्पाकाळापासूनचा. लोथल खंभातहून फार लांब नाही, आणि या भागातल्या लाल अकीकाचे लांब मणी मेसोपोटेमियातल्या ऊरच्या राजघराण्याच्या थडग्यांत सापडले आहेत. दगड आधी उन्हात वाळवतात, मग मातीच्या मडक्यांत घालून मंद धगीवर भाजतात. त्यातल्या लोहामुळे पिवळट दगड लाल होतो आणि फोडायलाही सोपा जातो. नंतर जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकाला दगड टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनं हलके ठोके देत नको तो भाग उडवायचा. ही कला पाहायला जगभरातले पुरातत्त्ववाले खंभातला आले. आपल्याच एम. एस. युनिव्हर्सिटीचे कुलदीप भान, अमेरिकेचे जोनाथन मार्क केनोयर आणि इटलीचे मास्सिमो विदाले यांनी तिचा बारकाईनं अभ्यास केला. चार हजार वर्षांपूर्वी मणी कसा घडत असेल हे बडोद्याच्या विद्वानांना नीट कळलं होतं. आज तो घडवणाऱ्याची छाती कशी आहे, हे बडोद्याच्या गिऱ्हाइकाला ठाऊक नव्हतं. विद्वानांना मी दोष देत नाही, त्यांचा विषयच तो होता.

खरा घात होतो हातोडीनंतर. आकार दिलेला दगड विजेच्या मोटरवर फिरणाऱ्या एमरीच्या चाकावर घासतात. अकीक म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका, आणि घासताना तिची पिठासारखी धूळ उडते. कारागीर जमिनीवर बसलेला असतो, दगड बोटांत धरून चाकाला लावतो, आणि कड बरोबर उतरते आहे ना ते दिसावं म्हणून तोंड चाकाच्या जवळ नेतो. डोळ्यांना दिसणारी धूळ त्यातल्या त्यात बरी म्हणायची, ती नाकात अडकते. जी दिसत नाही ती थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते आणि तिथे व्रण धरतात. फुप्फुस कडक होत जातं. याला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर औषध नाही. काम सोडलं तरी आजार थांबेलच असं नाही, बऱ्याचदा तो पुढे वाढतच राहतो, आणि अशा छातीला टीबीही लवकर धरतो. तोंडाला बांधलेल्या रुमालाचा या बारीक धुळीपुढे काही उपयोग होत नाही. घसाई पुष्कळदा घरातच चालते, त्यामुळे ती धूळ स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या आणि पाळण्यातल्या पोराच्याही वाट्याला येते.

हे काही गुपित नाही. बडोद्यातलीच पीपल्स ट्रेनिंग अँड रिसर्च सेंटर ही संस्था खंभातच्या अकीक कामगारांमध्ये अनेक वर्षं काम करते आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं घसाईच्या चाकाची धूळ जागच्या जागी ओढून घेणारी यंत्रणाही कधीच तयार केली आहे. रोग माहीत, उपाय माहीत, आणि तरी दुकानात टांगलेल्या पदकावर यातलं एक अक्षर नाही. उलट नमुन्याबरोबर आलेल्या चिठ्ठीवर 'अकीक धारण केल्याने आरोग्य लाभते' असं छापलेलं होतं. काकूंनी ती चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली आणि घडी घालून पर्समध्ये ठेवली.

घ्यायचंच नाही

पहिली प्रतिक्रिया अपेक्षित होती: असलं वाण नकोच. तरुण सुनांचा यात पुढाकार होता. त्यांचं म्हणणं, बहिष्कार ही आपल्या घरचीच गोष्ट आहे. ते खोटंही नव्हतं. पुण्याचे पुढारी सार्वजनिक काका १८७७च्या दिल्ली दरबारात हातसुताचे कपडे घालून गेले होते, आणि १९०५ला पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. त्यावर मंडळातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या आजींनी पैसा फंडाची आठवण काढली. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. आजींचा मुद्दा असा की नुसतं 'नको' म्हणून भागत नाही, 'मग काय हवं' तेही उभं करावं लागतं. (काच वाळूपासून होते आणि वाळू म्हणजे सिलिका. तळेगावच्या भट्टीपाशी तेव्हा कुणाची छाती तपासली असेल असं वाटत नाही. हे मी सभेत बोलले नाही.)

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. स्वदेशीचा प्रश्न होता माल कुठे बनला हा. आमच्यापुढचा प्रश्न होता तो बनताना कुणाच्या छातीत काय गेलं हा. पहिल्याचं उत्तर लेबलावर वाचता येतं. दुसऱ्याचं उत्तर गिऱ्हाइकाला मागण्याचा नीटसा हक्कही नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये मालाचा दर्जा, प्रमाण, शुद्धता, भाव यांची माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. माल घडवणाऱ्याच्या तब्येतीचा त्या यादीत उल्लेख नाही. पदक घालणाऱ्या बाईला त्यापासून काही धोका नसतो, म्हणून कायद्याच्या दृष्टीनं ते निर्दोष.

मत लगेच घेतलं असतं तर बहिष्कार मंजूर झाला असता आणि प्रकरण तिथेच संपलं असतं. काकूंनीच ते लांबवलं. म्हणाल्या, आधी जाऊन पाहू. वासद, बोरसद करत गाडीनं दोनेक तासांचा रस्ता. हलवासन आणि सूतरफेणी आणण्याच्या निमित्तानं एरवी न येणाऱ्या दोघीतिघीही आल्या, हे नमूद करायला हरकत नाही. चळवळीला माणसं कोणत्या वाटेनं येतात ते फार निवडत बसू नये.

तिथे एका घरात चाकावर बसलेल्या बाईंनी जे सांगितलं त्यानं बहिष्काराचा ठराव मोडला. नवरा आधी घसाई करायचा, आता त्याला दम लागतो म्हणून चाकावर त्या बसतात. तुम्ही हे सोडत का नाही, असं आमच्यातल्या एकीनं विचारलं. असा प्रश्न कुणीतरी विचारतंच. त्या म्हणाल्या, "तुम्ही घेणं बंद केलंत तर मी तंबाखूच्या खळीत जाईन. तिथेही खोकलाच आहे, आणि तिथे काम रोज नसतं. दगड रोज असतो."

खळी म्हणजे तंबाखूवर प्रक्रिया करायची जागा. खंभातच्या आसपासचा चरोतर हा तंबाखूचा मुलूख, त्यामुळे हे बोलणं नुसतं तोंडावर फेकलेलं नव्हतं. आम्ही पदकं घेतली नाहीत तर त्या घरातली धूळ कमी होईल याची काही खात्री नव्हती. मजुरी मात्र नक्की कमी झाली असती. शिवाय आमचा नकार त्यांच्यापर्यंत पोचलाही नसता. बडोद्यातला दुकानदार एवढंच समजला असता की यंदा बायकांना पदकं आवडली नाहीत, पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी दाखवू.

गिऱ्हाइकाच्या सदसद्विवेकावर लिहिणारे बहुतेकजण ही अडचण टाळून पुढे जातात. न घेतलेल्या वस्तूवर न घेण्याचं कारण लिहिलेलं नसतं. एकेकटीनं मनाशी ठरवून काही सोडून दिलं तर मनाला बरं वाटतं, पण त्या सोडण्यातून पलीकडे कुठलीच मागणी जात नाही. मागणी पोचवायची असेल तर ती शब्दांत सांगावी लागते, आणि ती ऐकून घ्यावीशी वाटेल एवढी मोठी ऑर्डर तिच्या मागे असावी लागते.

ऑर्डरीला अटी

हे सुचलं एका वहिनींच्या ठाण्याच्या बहिणीमुळे. ती मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात. पंचायतीची सामूहिक खरेदी १९७५ पासून चालू आहे: शेजारपाजारची कुटुंबं एक गट करतात, मागणी आधी नोंदवतात, माल एकत्र घेतला जातो आणि वाटप सभासद स्वतः करतात. तिथे मुख्य हेतू वाजवी भावात चांगला माल हा आहे. आम्हाला त्यातली यंत्रणा घ्यायची होती, हेतू थोडा वेगळा ठेवून.

सव्वाशे पदकांच्या ऑर्डरीला कुणी विचारत नाही, हे पहिल्याच वेपाऱ्यानं हसून सांगितलं होतं. "बेन, माल तो बधानो सरखो," सगळ्यांचा माल सारखाच, हे त्याचं पालुपद. मग मंडळानं हात पसरले. दोन गणेशोत्सव मंडळांच्या महिला शाखा, मांजलपूरकडच्या एका सोसायटीतली गुजराती बायकांची भिशी, एका शाळेच्या माजी विद्यार्थिनी. मागणी सातशेच्या पुढे गेली. गुजराती भिशी आली तेव्हा वाणाचा प्रश्न सोपा झाला आणि भाषेचा त्याहून सोपा, कारण वेपाऱ्याशी घासाघीस आता त्याच करू लागल्या. आमच्या मराठी मंडळाला एकट्यानं हे जमलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. बडोद्यात राहून आपापल्या भाषेच्या कोंडाळ्यात चळवळ करणं म्हणजे अर्ध्या शहराला बाहेर ठेवणं.

अटी साध्या होत्या. घसाई धूळ ओढणाऱ्या यंत्राला जोडलेल्या चाकावरच व्हावी. मंडळाचं माणूस न सांगता कधीही येऊन पाहील. पदकामागे पाच रुपये जास्त देऊ, पण ते कारागिराच्या हातात, वेपाऱ्यामार्फत नाही. आणि निम्मे पैसे आगाऊ.

यातली शेवटची अट आम्ही फारसा विचार न करता घातली होती, वर्गणी जमलेलीच होती म्हणून. सगळ्यात जास्त वजन तिचंच पडलं. या धंद्यात पैसा उधारीवर फिरतो, वेपाऱ्याचा निर्यातदाराकडे अडकतो आणि कारागिराचा वेपाऱ्याकडे. हातात रोख आल्याबरोबर दोन चाकांचं शेड असलेला एक कारागीर थेट बोलायला तयार झाला. त्याच्याकडे धूळ ओढणारं यंत्र होतं, कुठल्यातरी योजनेत मिळालेलं, पण वीजबिल वाढतं म्हणून बंद. पाच रुपयांतला काही भाग त्या बिलाला जाईल, असं ठरलं.

यंत्र पाहायला आमच्याबरोबर एका वहिनींचे मिस्टर आले. कलाभवनातून यांत्रिकी शिकून उभा जन्म कारखान्यात काढलेले. त्यांनी जे दाखवलं ते अटींच्या कागदावर आलंच नसतं. धूळ ओढणारं तोंड चाकाला अगदी लगटून हवं. ते वीतभर लांब गेलं की ओढ झपाट्यानं कमी होते, पंखा कितीही घरघरला तरी. या शेडमध्ये ते तोंड हात वळवायला जागा हवी म्हणून बाजूला वाकवून ठेवलेलं होतं. यंत्र होतं, चालू होतं, आवाज करत होतं, आणि धूळ पूर्वीसारखीच नाकात जात होती. फोटो काढून 'धूळमुक्त घसाई' असं कुणी छापलं असतं तर ते कुणालाच खोटं वाटलं नसतं. काकांनी दोन पट्ट्या आणि एक बिजागरी लावून ते तोंड हलतं केलं. दुसरी गोष्ट धूळ साठणाऱ्या पिशवीची. ती झटकून रिकामी करताना एकाच माणसाच्या अंगावर दिवसभराची धूळ येते. पिशवी ओली करून मग उघडायची, एवढं ठरवायलाही बराच वाद झाला. ओला गाळ टाकायचा कुठे, हा कारागिराचा प्रश्न रास्त होता.

पोतं

पदकं वेळेवर आली, संक्रांत छान झाली. गडबड कळली ती नंतर, मंडळाच्या दोघी तिळगूळ द्यायला म्हणून खंभातला गेल्या तेव्हा. शेडमध्ये एक पोतं आलं. त्यात अर्धवट घासलेले दगड होते, आमच्याच पदकांच्या आकाराचे, उरलेले. कच्ची घसाई, म्हणजे ओबडधोबड कडा काढायचं काम, सगळं घरोघरी वाटलेलं होतं. शेडमधल्या चाकावर झाली होती फक्त शेवटची सफाई. धूळ सगळ्यात जास्त कुठे उडते? कच्च्या घसाईत. अट अक्षरशः पाळली गेली होती आणि धूळ मात्र चार घरांत वाटली गेली होती. त्यातलं एक घर त्या तंबाखूच्या खळीविषयी बोललेल्या बाईंचं.

मंडळात संताप झाला. फसवलं, असा सूर होता. माझं मत वेगळं पडलं आणि आजही तेच आहे. ऑर्डर गेली दिवाळीनंतर. संक्रांत चौदा जानेवारीची, ती आमच्यासाठी पुढे सरकणार नव्हती. दोन चाकांवर सातशे पदकं पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढ्या दिवसांत होतच नाहीत, हे साधं गणित त्रैराशिक येणाऱ्या कुणालाही करता आलं असतं. कारागिरानं ते केलं आणि काम बाहेर दिलं. जगभर हेच होतं. कपड्यांच्या कारखान्यांतही मोठी ऑर्डर आणि आखूड मुदत आली की तपासलेल्या कारखान्यातून काम न तपासलेल्या खोल्यांत जातं. घेणाऱ्याची घाई हीसुद्धा एक अटच असते. ती कागदावर नसते आणि बाकीच्या सगळ्या अटींना भारी पडते.

दुसऱ्या वर्षी संक्रांतीच्या वाणाची यादी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवालाच झाली. काम आठ-नऊ महिन्यांवर पसरलं, पावसाळ्यातल्या सुस्त दिवसांतही शेड चालू राहिलं. कच्ची घसाई आत आली. त्याबरोबर त्या चार घरांचं काम गेलं, हेही सांगायला हवं. त्यांतल्या दोघी आता शेडमध्ये पाळीनं येतात. बाकीच्या दोघींना मुलं टाकून येणं जमत नाही, त्या पूर्वीप्रमाणे घरीच घासतात, दुसऱ्या वेपाऱ्याचा माल. त्यांच्यापुरतं आमच्या चांगुलपणानं नुकसानच केलं आहे, आणि त्यावर मंडळाकडे आजही उत्तर नाही.

एक उत्तर पुढे आलं होतं. अकीकाचे बेढब गुळगुळीत खडे असतात, ते चाकावर घासावे लागत नाहीत. पाणी आणि पावडर घातलेल्या पिंपात दिवसच्या दिवस फिरवले की चकाकतात. धूळ कितीतरी कमी. मग पानाचं पदक कशाला, पिंपातलाच खडा कडीत बसवून द्यावा, असं सुनांपैकी एकीनं सुचवलं. कागदावर हा सगळ्यात निर्मळ पर्याय होता. पण पिंप फिरवायला एखाद-दुसरं माणूस पुरतं. घसाईवाल्याचं कसब त्यात लागत नाही, म्हणजे घसाईवालाही लागत नाही. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "मग मी काय करू?" शेवटी निम्मी पदकं आणि निम्मे खडे अशी तडजोड झाली. ती कुणालाच पटलेली नाही, मलाही नाही. पण दोन्ही बाजूंना सारखीच खुपते, म्हणून टिकली असावी.

बाकीचं वजन कुणाचं

या सगळ्यातून एका शेडमधल्या दोन चाकांची धूळ कमी झाली. खंभातमध्ये चाकं किती, याचा विचार केला की मंडळाच्या बैठकीत थोडा वेळ कुणी बोलत नाही. ही मर्यादा कुठून येते ते पाहण्यासारखं आहे.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या इमोकाली गावच्या टोमॅटो तोडणाऱ्या मजुरांनी २००१ साली टाको बेल या खाद्यसाखळीवर बहिष्कार पुकारला. मागणी होती टोमॅटोच्या एका पौंडामागे एक सेंट जादा. २००५ साली कंपनीनं ती मान्य केली आणि मग एकेक करत इतर मोठ्या कंपन्याही आल्या. तिथे दोन गोष्टी होत्या. आवाज मजुरांच्या संघटनेचा होता, गिऱ्हाईक तिच्या मागे उभं राहिलं. आणि समोर एक मोठा, नाव असलेला खरेदीदार होता, ज्याच्या पाटीखाली जाऊन उभं राहता येत होतं. अकीकाच्या धंद्यात असा कुणी नाही. शेकडो छोटी दुकानं, मंदिरांबाहेरचे ठेले, निर्यातदार, आता ऑनलाइन विकणारेही. कुणाच्या दारात बसायचं? शिवाय आमच्याकडे मागणी सुरू केली ती गिऱ्हाइकांनी, आणि कारागिरांना नंतर विचारलं. क्रम उलटा होता.

कायद्याकडे वळावं तर तिथेही फट आहे. कारखाने कायदा १९४८ लागू व्हायला वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार लागत. त्याच कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस हा सरकारला कळवण्याजोगा रोग म्हणून आहे. कलम ८५ खाली राज्य सरकारला कमी माणसांच्या जागेलाही कारखाना ठरवता येई. पण मालक फक्त घरच्या माणसांच्या मदतीनं काम करत असेल तर तिथे हे कलमही पोचत नसे. खंभातचं चाक नेमकं तिथेच, घरात. २०२०च्या नव्या कामगार सुरक्षा-आरोग्य संहितेनं दहाचा उंबरठा वीसवर नेला. छोट्या शेडसाठी कायदा आणखी एक पाऊल लांब गेला.

तरी कायद्यानं काहीच होत नाही असं म्हणणं चुकीचं ठरेल, आणि त्याचा दाखला बडोद्याच्या शेजारीच आहे. गोध्र्याच्या दगड-भुकटीच्या कारखान्यांत मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआ भागातले आदिवासी मजूर काम करायचे. गावी परतून ते सिलिकोसिसनं मेले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१० साली २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यायची शिफारस केली, आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं गुजरात सरकारला ती रक्कम द्यायला लावली. यात गिऱ्हाईक कुठेच नव्हतं. क्वार्ट्झची भुकटी काच, चिनी माती असल्या कारखान्यांत जाते. ती कुणी गळ्यात घालत नाही, वाण म्हणून देत नाही, त्यामुळे तिच्यावर बहिष्कार घालायला कुणाकडे काही नाही. तिथे मेलेल्यांची यादी गावागावांतून गोळा करणाऱ्या माणसांनी आणि संघटनांनी लढा उभा केला. जी वस्तू आपल्याला दिसते तिच्यापुरतीच आपली कणव पोचते, हा गिऱ्हाइकी नीतीचा जन्मजात दोष आहे.

मला अधिक पटतो तो मधला मार्ग. मध्य प्रदेशात मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिलींचा धंदा याच रोगानं बदनाम झाला. तिथे १९८२ साली कायदा करून पेन्सिल कामगारांसाठी कल्याण निधी उभारला गेला. महाराष्ट्रात १९६९च्या माथाडी कायद्यानं हमालाची मजुरी आणि वर लेव्ही (मालकानं भरायची जादा टक्केवारी) माथाडी मंडळाकडे जमा व्हायची सोय केली. मालक बदलला तरी हमालाचा हिशेब एका जागी राहतो. अकीकाला असा काही निधी असता, तर आमचे पदकामागचे पाच रुपये दरवर्षी नव्या घासाघिशीवर अवलंबून राहिले नसते, आणि ज्या दोघी घरीच घासतात त्यांच्यापर्यंतही काही पोचलं असतं. मंडळानं तशा मागणीचा अर्ज जिल्हा कार्यालयात दिला आहे. सह्या गुजराती आणि मराठी अशा दोन्ही भाषांतल्या आहेत, कारागिरांच्याही आहेत. पोच मिळाली, पुढे काही नाही. सह्या घेताना काही कारागिरांनी हात आखडता घेतला, कारण वेपाऱ्याला कळलं तर दगड मिळायचा बंद होईल ही भीती. ती भीती बडोद्यातून पदकं विकत घेऊन जाणार नाही. त्यांची स्वतःची संघटना झाली तरच जाईल, आणि ती आम्ही त्यांच्यासाठी करू शकत नाही. शेडच्या बायकांनी आगाऊ रकमेतून आपापसांत भिशी सुरू केली आहे, एवढं मात्र झालं आहे.

दरम्यान मंडळातही गळती लागली. पाच रुपये जास्त का, असं विचारणाऱ्या दरवर्षी नव्यानं येतात आणि त्यांना दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं. एका गणेशोत्सव मंडळानं स्टीलच्या वाट्या पसंत केल्या. त्यांचं म्हणणं होतं की वाणाची वस्तू घरात वापरली जावी, दोन वर्षं तेच पदक मिळालं तर ते कपाटात पडतं. यात खोट काढण्यासारखं काही नाही. मागणी सातशेवरून पाचशेच्या आसपास आली. शेड चालू राहायला एवढी पुरते, आणखी घटली तर पुरणार नाही.

सध्या वाद आहे तो शिलकीचा. वाढीव रकमेतला वीजबिल भागून उरलेला भाग मंडळ आणि शेडमधल्या बायका यांच्या जोड-खात्यात साठतो आहे. नर्सकाकूंचा आग्रह असा की त्यातून चाकावर बसणाऱ्या प्रत्येकाचा छातीचा एक्स-रे वर्षातून एकदा काढावा आणि तो टीबीच नव्हे तर सिलिकोसिसही ओळखू शकणाऱ्या डॉक्टरला दाखवावा. शेडमधल्या बायकांना तिसरं चाक आणि त्यावरचं ओढणारं तोंड हवं आहे, म्हणजे घरी घासणाऱ्या त्या दोघींपैकी एकीला अर्धा दिवस तरी आत आणता येईल. एक्स-रे नको, असंही त्यांच्यातल्या काहींचं म्हणणं आहे. छातीत काही निघालं तर वेपारी काम देणार नाही, आणि आजार तर बरा होणारच नाही, मग कळून करायचं काय? दोन्ही एकदम करण्याइतके पैसे खात्यात नाहीत. पासबुकावर सह्या तीन लागतात, त्यांतल्या दोन खंभातच्या आहेत. काकूंनी एक्स-रेचा दर विचारून ठेवला आहे, आणि कलाभवनवाल्या काकांनी तिसऱ्या चाकाचा खर्च काढून दिला आहे. दोन्ही कागद चैत्रातल्या बैठकीसाठी फाईलला लावले आहेत.